विश्वाची ‘निर्मिती’ की ‘उत्पत्ती’? परिसंवादाच्या सूत्रसंचालकासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ‘विश्वाची निर्मिती : विज्ञान की ईश्वर?’ असा परिसंवाद ठरला आहे. एका बाजूला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला वेदान्ताचे अभ्यासक आणि सूत्रसंचालन तुमच्याकडे. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, ब्रह्मदेवाचा दिवस आणि बिग बँग हे तिन्ही निघणार हे नक्की. त्याची हाणामारी होऊ न देता वाद कसा चालवायचा?

पत्रिका छापायला गेली नसेल तर आधी शीर्षक बदला. ‘निर्मिती’ म्हटलं की निर्माता आलाच, म्हणजे वाद सुरू होण्याआधीच एका बाजूला एक गुण दिला. ‘उत्पत्ती’ म्हणा, किंवा सरळ ‘विश्व कसं सुरू झालं?’ म्हणा. आणि मधला तो ‘की’ काढून टाका. ‘चहा की कॉफी’ म्हटल्यावर माणूस दोन्हींतलं एक निवडतो. इथे दोन्ही बाजू एकाच प्रश्नाचं उत्तर देत आहेत का, हेच तर आधी तपासायचं आहे.

त्यासाठी फळ्यावर तीन खण आखून ठेवा. पहिल्या खणात: अतिशय उष्ण आणि दाट अवस्थेपासून आजपर्यंत विश्वाचं काय काय झालं. याची मोजमापं आहेत. दुसऱ्यात: ती उष्ण, दाट अवस्था कुठून आली आणि तिच्याआधी काही होतं का. यावर गणितं पुष्कळ आहेत, पक्का निकाल नाही. तिसऱ्यात: मुळात काही आहेच का, आणि निसर्गाचे नियम असेच का. इथे दुर्बीण चालत नाही. वक्त्याने कुठलंही ठाम विधान केलं की तुमचा एकच प्रश्न: हे कुठल्या खणातलं? निम्मा गोंधळ एवढ्यानेच मिटतो, कारण भांडण बहुतेक वेळा एका खणातलं नाणं दुसऱ्या खणात वटवताना होतं. प्राध्यापक पहिल्या खणातल्या यशाच्या जोरावर तिसऱ्याचा निकाल देतात, आणि अभ्यासक तिसऱ्यातल्या गूढाच्या जोरावर पहिल्यातली मापं उडवून लावतात.

पहिला खण नीट भरून घ्या, नाहीतर ‘बिग बँग म्हणजे नुसती थिअरी’ हे वाक्य तासभर छळेल. बिग बँगसाठी मराठीत वापरला जाणारा ‘महास्फोट’ हा शब्द इथे मोठी अडचण करतो. स्फोट म्हटलं की सुतळी बॉम्ब डोळ्यांसमोर येतो: मध्ये एक जागा, भोवती रिकामी पोकळी, तुकडे बाहेर उडताहेत. श्रोता लगेच विचारतो, स्फोट झाला कुठे आणि वात कोणी लावली? उत्तर आहे ‘सगळीकडे’, पण ते शब्दांत सांगून पटत नाही. पायजम्याचं इलॅस्टिक आणा, अर्धा मीटरभर. त्यावर दहा-दहा सेंटिमीटरवर पाच बटणं टाचा. दोन माणसांना टोकं धरून ते दुप्पट ताणायला सांगा. पहिल्या बटणावरून पाहिलं तर दुसरं दहा सेंटिमीटरने लांब गेलं, तिसरं वीसने, चौथं तीसने, पाचवं चाळीसने. जितकं लांब, तितकं वेगाने दूर. आता मधल्या बटणावरून मोजा. तिथेही हाच हिशेब. मध्य नावाची जागा इलॅस्टिकवर नाहीच. फुगा वापरणार असाल तर त्यावर शाईने ठिपके काढू नका, टिकल्या चिकटवा. फुग्याबरोबर शाईचा ठिपकाही पसरतो आणि दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, स्वतःच फुगतात असा चुकीचा समज होतो. टिकली आहे तेवढीच राहते. दीर्घिकाही गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या असतात, त्या फुगत नाहीत.

मग वय. हे फळ्यावर करून दाखवण्यासारखं आहे. एक मेगापार्सेक (खगोलशास्त्रातलं अंतराचं एकक) म्हणजे ३०९ वर सतरा शून्यं इतके किलोमीटर. इतक्या अंतरावरची दीर्घिका सेकंदाला साधारण ७० किलोमीटरने दूर जाते. अंतराला वेगाने भागा: ४४ वर सोळा शून्यं इतके सेकंद. वर्षाचे सेकंद ३ कोटी १६ लाख. भागाकार येतो सुमारे १४ अब्ज वर्षं (अब्ज म्हणजे शंभर कोटी). प्रसरणाचा वेग कायम सारखा नव्हता, म्हणून खरं गणित याहून किचकट आहे. प्लँक उपग्रहाच्या मोजमापांवरून येणारा आकडा १३.८ अब्ज. पण अंदाज कुठल्या घरात पडतो हे चौथीचा भागाकार येणाऱ्यालाही दिसतं, आणि सभेत त्याचं वजन मोठं असतं.

प्रसरणाखेरीज दोन पुरावे पुरेत. एक, हेलियम. पहिल्या काही मिनिटांत न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांचं प्रमाण साधारण एकास सात उरलं. म्हणजे दोन न्यूट्रॉन असतील तिथे चौदा प्रोटॉन. दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून हेलियमचं एक केंद्रक होतं, त्याचं वजन चार. एकूण वजन सोळा. चार भागिले सोळा, म्हणजे पंचवीस टक्के. आणि ताऱ्यांनी फारसं न ढवळलेल्या जुन्या वायूत हेलियम मोजला तर वजनाच्या जवळपास एवढाच भरतो. दोन, अवशिष्ट प्रारण, म्हणजे त्या उष्ण अवस्थेतला आजवर उरलेला प्रकाश. आल्फर आणि हर्मन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४८ साली गणित करून सांगितलं होतं की त्या उष्णतेची ऊब अजून उरली असावी, साधारण ५ केल्विन. पेन्झियास आणि विल्सन यांना ती १९६४ साली न शोधता सापडली. आजचं माप २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. तुमच्या टेबलावरच्या फाशाएवढ्या जागेत या क्षणी त्या प्रारणाचे चारशेच्या वर फोटॉन (प्रकाशकण) आहेत. ज्यांनी अँटेनाचा टीव्ही पाहिलाय त्यांना सांगा: चॅनल लागला नाही की जी मुंग्यांसारखी खरखर दिसायची, तिच्यातला एखादा टक्का हाच होता.

‘तेव्हा कोण पाहायला होतं?’ हा प्रश्न येणारच. हसण्यावारी नेऊ नका, त्याला चांगलं उत्तर आहे. लांब पाहणं म्हणजे मागचं पाहणं. सूर्य दिसतो तो आठ मिनिटं वीस सेकंदांपूर्वीचा, देवयानी दीर्घिका दिसते ती पंचवीस लाख वर्षांपूर्वीची. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. त्या दुर्बिणीने टिपलेला एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश ८.८ अब्ज वर्षं प्रवास करून आला होता. हा निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाला. अवशिष्ट प्रारण तर विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असतानाचं. तेव्हाचा फोटोच म्हणा ना.

प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या खणातली भोकंही त्यांनी आपणहून दाखवावीत. दुसऱ्याने दाखवली की ती लपवल्यासारखी वाटतात. प्रसरणाचा वेग अवशिष्ट प्रारणावरून काढला तर ६७.४ येतो, जवळच्या दीर्घिकांतले रूपविकारी तारे (तेज कमी-जास्त होणारे) आणि अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) वापरून काढला तर ७३. हा फरक मापातल्या चुकीच्या मर्यादेत बसत नाही आणि त्याचं कारण अजून सापडलेलं नाही. लिथियमही गणितापेक्षा सुमारे तिपटीने कमी भरतो. ‘जेम्स वेब दुर्बिणीने बिग बँग खोटा ठरवला’ असा फॉरवर्ड सभेतल्या निदान एकाच्या मोबाइलमध्ये असणार. त्या दुर्बिणीला अपेक्षेपेक्षा लवकर वाढलेल्या, तेजस्वी दीर्घिका दिसल्या. त्यामुळे दीर्घिका कशा वाढतात याचं गणित सुधारावं लागतंय, इलॅस्टिक ताणलं जातंय हे खोटं ठरलेलं नाही.

आता दुसरा खण. प्राध्यापक हमखास घसरतात ते इथे. ‘विश्व शून्यातून आपोआप आलं, हे क्वांटम भौतिकीने दाखवलंय’ असं वाक्य आलं की थांबवा. भौतिकीतली निर्वात पोकळी म्हणजे काहीच नाही असं नसतं. तिच्यात क्षेत्रं असतात, नियम असतात, चढउतार असतात. श्रोत्याच्या मनातलं ‘शून्य’ म्हणजे यांतलं काहीच नाही. एक शब्द, दोन अर्थ, आणि बोलणारा सोयीने एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला वाक्छल म्हणतात. त्याचं ठरलेलं उदाहरण ‘नवकंबल’. एकजण म्हणतो, याच्याकडे नव कंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी. दुसरा म्हणतो, छे, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! ‘शून्यातून विश्व’ हे आजचं नवकंबल आहे.

समोरची बाजूही याच खणात घसरते. ‘विश्वाला सुरुवात होती हे विज्ञानानेच सिद्ध केलं, सुरुवात आहे तर कारण हवं, ते कारण ईश्वर’ असा युक्तिवाद येतो. बोर्ड, गूथ आणि व्हिलेंकिन या भौतिकशास्त्रज्ञांचं २००३ चं प्रमेय त्यासाठी पुढे केलं जातं. ते प्रमेय एवढंच सांगतं की सरासरीने प्रसरणच पावत आलेल्या विश्वाचा इतिहास मागे अमर्याद ताणता येत नाही. मागे ते वर्णन संपतं. तिथे काय आहे, हे प्रमेय सांगत नाही. शून्य क्षणापाशी आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेची समीकरणं मोडतात याचा अर्थ आपलं साधन तिथे पोचत नाही, इतकाच.

हा मोह नवा नाही. विश्वाचं प्रसरण मांडणारे जॉर्ज लमेत्र १९२३ पासून कॅथलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावतंय हा निष्कर्ष त्यांनी १९२७ मध्ये छापला आणि आद्य अणूची कल्पना १९३१ मध्ये मांडली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी बाराव्या पायस पोपनी एका भाषणात या शास्त्रीय चित्राचा संबंध बायबलातल्या ‘प्रकाश होवो’शी जोडला. खूश व्हायला हवं असा माणूस लमेत्रच, पण त्यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांबाहेरचा आहे आणि देव मानणाऱ्याला-न मानणाऱ्याला सारखाच खुला आहे, ही त्यांची भूमिका होती. सप्टेंबर १९५२ मध्ये रोमला खगोलशास्त्रज्ञांचं जागतिक अधिवेशन भरलं, तिथे पोप पुन्हा बोलले, पण तो दावा त्यांनी पुन्हा केला नाही. उलट बाजूला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. ते नास्तिक. विश्वाला आरंभ आहे ही कल्पनाच त्यांना देवाला मागच्या दाराने आत घेतल्यासारखी वाटे. ‘बिग बँग’ हा शब्द १९४९ साली बीबीसी रेडिओवर त्यांनीच वापरला, आणि तो सिद्धान्त त्यांना मान्य नव्हता. कोणाचा धर्म काय यावरून सिद्धान्त खरा-खोटा ठरवायचा असता तर इथे दोघांचीही फजिती झाली असती.

हॉइल आले की कोणीतरी म्हणणारच, ‘आपले जयंत नारळीकरसुद्धा बिग बँग मानत नव्हते.’ बरोबर आहे. कोल्हापूरला जन्मलेले, केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी, पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक संचालक नारळीकर यांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये आभासी-स्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडला. विश्व अनादी, त्याचं आकुंचन-प्रसरण चालू, आणि द्रव्य मधूनमधून छोट्या घटनांत निर्माण होतं. अवशिष्ट प्रारणाचं स्पष्टीकरण देण्यासाठी त्यांना अवकाशात लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंची कल्पना करावी लागली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. पण लक्षात आणून द्यायची गोष्ट वेगळी: त्यांचा विरोध पहिल्या आणि दुसऱ्या खणातला होता, समीकरणं आणि मापं घेऊन केलेला. त्यांचं नाव घेऊन तिसऱ्या खणातला मुद्दा जिंकता येत नाही. आणि चक्राकार विश्व म्हणजे कल्प-प्रलय, अशी जुळणीही लगेच करू देऊ नका. का, ते आकड्यांतच दाखवता येतं.

‘ब्रह्मदेवाचा एक दिवस ४.३२ अब्ज वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज. बघा, आपल्या ऋषींना माहीत होतं.’ हे विधान येणार हे धरूनच चाला. त्यावर चिडू नका, गणित मांडा. कलियुग ४,३२,०००, द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. बेरीज ४३,२०,०००, हे एक महायुग. अशी हजार महायुगं म्हणजे कल्प, ब्रह्मदेवाचा दिवस. आता पूजेतला संकल्प आठवा: श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युगचतुष्क, कलियुग, प्रथम चरण. म्हणजे दिवस अजून संपलेला नाही, तो किती गेला हे संकल्पातच सांगितलं आहे. सहा मन्वंतरं संपली. मन्वंतरात एकाहत्तर महायुगं, म्हणून ती झाली १,८४,०३,२०,००० वर्षं. मन्वंतरांच्या आगेमागे येणारे सात संधिकाळ प्रत्येकी १७,२८,०००, म्हणजे १,२०,९६,०००. सातव्या मन्वंतरातली सत्तावीस महायुगं ११,६६,४०,०००. चालू महायुगातली पहिली तीन युगं ३८,८८,०००. कलीची पाच हजारांवर थोडी. सगळं मिळून १.९७ अब्ज. म्हणजे परंपरेच्याच हिशेबाने चालू कल्पाचं वय ४.३२ नाही, १.९७ अब्ज वर्षं आहे. जुळणीसाठी दिवसाची पूर्ण लांबी घ्यायची आणि आज किती वाजलेत ते विसरायचं, असं कसं चालेल?

खरी गंमत पुढे आहे. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये काढलेला प्रसरणाचा वेग ७० नव्हता, ५०० च्या आसपास होता. मघाचाच भागाकार ५०० ने करा. उत्तर १.९६ अब्ज वर्षं! १९३० च्या दशकात कोणी ही तुलना केली असती तर संकल्पातला आकडा आणि विज्ञानाचा आकडा एक टक्क्यावर जुळला असता. यापेक्षा भक्कम पुरावा कोणता, असं वाटलं असतं. पण तो वेग चुकीचा होता. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी दाखवलं की रूपविकारी तारे दोन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत झाल्याने अंतरं निम्मी धरली गेली होती. दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली आणि वयही. हे जाहीर झालं ते १९५२ च्या त्याच रोमच्या अधिवेशनात. विज्ञानाच्या आजच्या आकड्याला ग्रंथ बांधला की आकडा सुधारताना ग्रंथ उघडा पडतो. हा मुद्दा वेदान्ताच्या अभ्यासकांनीच मांडावा, असा प्रयत्न करा. त्यांच्या तोंडून तो जास्त शोभतो.

मग ४३,२०,००० हा आकडा आला कुठून? सिद्धान्त-ज्योतिषाच्या, म्हणजे ग्रहगणिताच्या, गरजेतून. सगळे ग्रह एका बिंदूपासून निघाले असं धरून इतक्या काळात प्रत्येकाच्या पूर्ण फेऱ्या किती, हे पूर्णांकात सांगता आलं की गणित सोपं होतं. आर्यभटाने एका युगात सूर्याच्या ४३,२०,००० आणि चंद्राच्या ५,७७,५३,३३६ फेऱ्या दिल्या आहेत. तोच आर्यभट मन्वंतरात बहात्तर युगं धरतो आणि कल्प १,००८ युगांचा करतो, बाकीचे हजार युगांचा. म्हणजे आकड्यावर परंपरेतही एकमत नव्हतं. आकडा छोटा ठरत नाही यामुळे. काळ हजारात नाही तर अब्जांत मोजायची कल्पना करणं हे धाडसच होतं, त्याचं कौतुक जरूर करा. ते मोजमाप होतं असं मात्र म्हणू देऊ नका.

नासदीय सूक्ताला वेळ द्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं, सात ऋचांचं. ‘तपसस्तन्महिनाजायतैकम्’ इथला तप म्हणजे उष्णता, म्हणून बिग बँग, असं सांगितलं जाईल. मग त्याच ऋचेतलं ‘अप्रकेतं सलिलम्’, ते पाणी कुठे बसवायचं? पुढच्या ऋचेत काम हे मनाचं पहिलं बीज आहे, ते कुठल्या समीकरणात? जे जुळलं ते मोजायचं आणि जे जुळलं नाही ते कवित्व म्हणून सोडायचं, ही रीत वापरली तर कुठल्याही पुराणातून काहीही काढता येतं. कसोटी साधी ठेवा: या ओळीवरून मोजमापाच्या आधी कोणी काही सांगितलं का? आल्फर-हर्मन यांनी ५ केल्विन आधी सांगितलं, चुकलं ते थोडक्यात. मागाहून अर्थ लावणं वेगळं.

पण सूक्ताचं महत्त्व तिथे नाहीच. सभेत सहावी आणि सातवी ऋचा वाचून घ्या. ‘अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन’: देव या सृष्टीच्या नंतरचे. म्हणजे ही कुठून आली हे त्यांनाही विचारून उपयोग नाही. आणि शेवट:

इयं विसृष्टिर्यत आबभूव यदि वा दधे यदि वा न।
यो अस्याध्यक्षः परमे व्योमन्त्सो अङ्ग वेद यदि वा न वेद॥

‘विसृष्टि’ शब्द पाहा. सृज् म्हणजे सोडणं, बाहेर वाहू देणं. कुंभाराने मडकं केलं तसं करणं नाही. ‘यदि वा दधे यदि वा न’: त्याने ती घडवली-धरली, की नाही. त्रिष्टुभ छंदात चरणाला अकरा अक्षरं लागतात. बोटांवर मोजा: य-दि-वा-द-धे-य-दि-वा-न. नऊच. दोन अक्षरं कमी. छंदातली ढिलाई म्हणून सोडून देता येईल, पण ‘की नाही’ म्हणताक्षणी ओळ अर्ध्यावर थांबते, हे कवीने जाणून केलंय असंच वाटतं. आणखी एक. पहिल्या ऋचेत म्हटलंय, तेव्हा व्योमही नव्हतं, त्यापलीकडचंही नव्हतं. शेवटच्या ऋचेतला अध्यक्ष बसलाय तो ‘परमे व्योमन्’. जी जागाच तेव्हा नव्हती, तिथे बसलेल्याला ठाऊक असेल, किंवा नसेलही. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी यातली शंका काढून, ईश्वरच जाणतो, दुसरा कोणी नाही, असा अर्थ लावला. तोही परंपरेतला अर्थ आहे आणि अभ्यासक तो घेतील तर घेऊ द्या. पण ऋचेत ‘न वेद’ हे शब्द आहेत, तेही वाचले गेले पाहिजेत. हे सूक्त दुसऱ्या-तिसऱ्या खणातलं आहे, आणि त्या खणांत इतक्या प्रामाणिकपणे बोलणारं फारसं काही सापडत नाही. त्याला पहिल्या खणात ओढून आणण्यात त्याचंच नुकसान आहे.

‘धर्म म्हणतो की विश्व ईश्वराने केलं’ या वाक्याचंही असंच. कोणाचा धर्म, कुठलं दर्शन? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, ईश्वर सिद्ध करतात: ‘क्षित्यङ्कुरादिकं कर्तृजन्यं, कार्यत्वात्, घटवत्’. पृथ्वी, अंकुर हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा, जसा घटाला कुंभार. यावर सगळ्यात जोरदार हल्ला चढवला तो वेद परम प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनी. जग असं नव्हतं असा काळच कधी नव्हता, हे त्यांचं मत. त्यांच्यातले कुमारिल भट्ट विचारतात: ईश्वराने हेतू काय धरून सृष्टी केली? ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, काही कारण असल्याशिवाय मूर्खसुद्धा हालचाल करत नाही. दयेपोटी म्हणाल, तर दया करायला तेव्हा होतं कोण? ईश्वराला शरीर होतं का, असेल तर ते कोणी केलं? हेतूच्या आक्षेपाला ब्रह्मसूत्रात ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’ असं उत्तर मिळतं: ही नुसती लीला. जैनांना कर्ता मान्य नाही, विश्व अनादि-अनंत. आणि अद्वैताचे आचार्य गौडपाद तर म्हणतात, ‘न निरोधो न चोत्पत्तिः’, उत्पत्ती मुळात झालेलीच नाही. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचा ओढाही तिकडचाच: अज्ञानातून जग झालं हे ते खोडून काढतात, आणि जे दिसतं तो चैतन्याचाच विलास.

तेव्हा अभ्यासकांना फोन करून आधीच विचारा, तुम्ही कुठल्या बाजूने बोलणार? अद्वैतवादी असतील तर त्यांच्या मते उत्पत्ती ही व्यवहारातली गोष्ट, आणि मग पहिल्या खणाबद्दल प्राध्यापकांशी भांडायला त्यांच्याकडे कारणच उरत नाही. नैयायिकांची बाजू घेणार असतील तर प्राध्यापकांच्या जोडीला कुमारिलही समोर उभे आहेत, याची त्यांनी तयारी करावी. देव मानणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा, माझ्या मते, घट-कुंभार नाही. तो आहे निसर्गातल्या स्थिरांकांच्या अचूक जुळणीचा: ते थोडे वेगळे असते तर तारे, कार्बन, आपण, काहीच नसतं. ‘असंख्य विश्वं असतील, त्यांतलं एक असं निघालं’ हे प्राध्यापकांचं उत्तर तर्काला धरून आहे, पण ती विश्वंही कोणी मोजलेली नाहीत. इथे दोघंही तिसऱ्या खणात उभे असतात, आणि ते दोघांनाही कबूल करायला लावा.

प्रत्यक्ष कार्यक्रमाची आखणी नव्वद मिनिटांची धरा. दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं. मग दहा मिनिटं फक्त पूर्वपक्षासाठी: प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं पाच मिनिटांत असं मांडायचं की समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणावं. तो म्हणाला नाही तर आणखी एक मिनिट. हे केल्याशिवाय उत्तरपक्षाला परवानगी नाही. उत्तराला दहा-दहा मिनिटं. उरलेला अर्धा तास प्रश्नांना. यातला पूर्वपक्षाचा भाग वक्त्यांना आधी कळवलाच पाहिजे. ऐनवेळी सांगितलं तर दोघंही समोरच्याची टिंगल करून मोकळे होतात.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायला तो वाद, जिंकायला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडायचं ती वितंडा. आपला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. सुरुवातीलाच सांगा की आज फक्त पहिला प्रकार. बावीस निग्रहस्थानंही तिथे दिली आहेत, हरल्याच्या खुणा. तुम्हाला दोनच पुरतील. प्रतिज्ञान्तर: ‘ग्रंथात बिग बँग आहे’ म्हणून सुरुवात केली आणि अडचण आली की ‘ग्रंथात तसं सूचन आहे’ असं म्हणणं. प्राध्यापकांकडून हेच ‘विज्ञानाने उत्तर दिलं’ वरून ‘विज्ञान कधीतरी देईल’ असं होतं. अर्थान्तर: विश्वावरून गाडी पुष्पक विमानाकडे, किंवा गॅलिलिओच्या छळाकडे. हे शब्द कागदावर लिहून समोर ठेवा आणि तसं घडलं की फक्त शब्द वाचून दाखवा. दोघांनाही लागू आहेत म्हटल्यावर पक्षपाताची तक्रार राहत नाही.

श्रोत्यांच्या हातात माईक देऊ नका. त्यातून प्रश्न येत नाही, भाषण येतं, आणि तेही ‘मी काही तज्ज्ञ नाही, पण’ने सुरू होणारं. चिठ्ठ्या घ्या. भाषणं चालू असतानाच एका स्वयंसेवकाने त्या तीन खणांत लावाव्यात. पहिल्या खणातल्या आधी, त्या भराभर संपतात. ‘देव आहे का?’ अशा चिठ्ठ्या दहा-बारा येतील, त्या एकत्र करून एकच प्रश्न करा आणि दोघांना प्रत्येकी दोन मिनिटं द्या, जास्त नाही. शेवटी हात वर करून कौल घेण्याची टूम हल्ली निघाली आहे. ती टाळा. इलॅस्टिक मात्र नवीन आणा आणि एक जादाचं ठेवा. जुनं दुप्पट ताणलं की बटणासकट सुटतं, आणि मग पुढची पाच मिनिटं सभा तेच शोधत बसते.